पांढऱ्या सुटातला माणूस

ऑनसाइट जाणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीच्या बॅगेत तीन गोष्टी हमखास असतात. प्रेशर कुकर, आईनं चार पिशव्यांत गुंडाळून दिलेला गोडा मसाला आणि 'तिकडं गेले की जमेल सगळं' हा आत्मविश्वास. २००७ साली मी लंडनला गेले तेव्हा माझ्याकडं हे तिन्ही होतं. पहिल्याच रविवारी आमटीला फोडणी दिली आणि फ्लॅटमधला फायर अलार्म असा काही कोकलला की अख्खी बिल्डिंग खाली. त्यानंतर आत्मविश्वासही जरा जपूनच वापरायला लागले.

आम्ही तिघी पश्चिम लंडनमधल्या ईलिंगला राहायचो. ईलिंग का? तर तिथून एका बसनं साउथॉल. म्हणजे मेथी, कढीपत्ता, ताज्या मिरच्या यांची चिंता मिटली. रोज सकाळी धावतपळत ऑफिसला जाताना ईलिंग ग्रीन नावाच्या हिरवळीच्या कडेला एक जुनं, पांढरं, दुमजली घर लागायचं. मला आपलं वाटायचं, कुणा डॉक्टरचा दवाखाना असेल. महिनाभर मी त्या घरासमोरून एका हातात सँडविच धरून पळत होते, आणि त्या घराच्या मागं जगातला सलग वापरात असलेला सगळ्यात जुना समजला जाणारा फिल्म स्टुडिओ उभा आहे, याचा मला पत्ताच नव्हता.

तो पत्ता मला दिला काकांनी.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. ते ऑफिसातले शेजारच्या डेस्कवरचे गोरे गृहस्थ. पंचावन्न-छप्पन्नचे. रोज तोच राखाडी स्वेटर, दुपारी बरोब्बर साडेबाराला डबा, डब्यात बरोब्बर दोन सँडविचेस. आम्ही तिघी आपापसात त्यांना 'काका' म्हणायचो. त्या कंपनीची एक कॉम्प्युटर सिस्टिम ते तेवीस वर्षं सांभाळत होते. आणि आम्ही तिथं गेलो होतो ती सिस्टिम त्यांच्याकडून शिकून घ्यायला. आमच्या भाषेत केटी. नॉलेज ट्रान्सफर. आठ आठवडे ते शिकवणार, आम्ही लिहून घेणार, मग ते काम पुण्याला जाणार. मग काकांचं काय? ते प्रोजेक्ट प्लॅनच्या एक्सेल शीटमध्ये शेवटच्या कॉलमात लिहिलेलं होतं. कॉलमचं नाव 'रिलीज डेट'. सिनेमाची असते तशी! काकांच्या ओळीसमोर तारीख होती.

ही शीट काकांनीही पाहिली होती. तरी हा माणूस मला इतकं मन लावून शिकवायचा की कधी कधी मलाच लाज वाटायची. 'हे असं का केलंय' हे सांगितल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. एकदा बोलता बोलता मी ईलिंगला राहते असं म्हटलं, तर ते पेन खाली ठेवून म्हणाले, "ईलिंगला राहतेस आणि ईलिंगचे सिनेमे बघितले नाहीस?"

शुक्रवारी संध्याकाळी माझ्या कीबोर्डवर एक डीव्हीडी होती. 'द लॅव्हेंडर हिल मॉब'. १९५१.

आता खरं सांगते. ब्लॅक अँड व्हाइट, ब्रिटिश, पन्नासच्या दशकातला... मला वाटलं, झोप येणार. पण शनिवारी वरणभात खाताखाता लावला आणि भात गार झाला.

गोष्ट अगदी आपल्यातलीच. हॉलंड नावाचा बँकेतला एक क्लार्क. ॲलेक गिनेस. हो, तेच, 'स्टार वॉर्स'मधले म्हातारे ओबी-वान! वीस वर्षं हा माणूस सोन्याच्या विटा गाडीतून बँकेपर्यंत पोहोचवतोय. इमानदार, काटेकोर, कंटाळवाणा. साहेबांचा त्याच्यावर इतका विश्वास की त्याच्याकडं कुणाचं लक्षच नाही. आणि या माणसानं डोक्यात एक प्लॅन पक्का केलेला आहे. सोनं चोरायचं, वितळवायचं, त्याचे आयफेल टॉवरचे छोटे पेपरवेट ओतायचे आणि स्मरणवस्तू म्हणून उजळ माथ्यानं फ्रान्सला धाडायचे. गंमत म्हणजे ऐन वेळी साहेब त्याला बोलावतात आणि पगारवाढ देऊन दुसऱ्या खात्यात टाकतात. अप्रेझल चांगलं झालं म्हणून घाम फुटलेला मी पाहिलेला हा पहिलाच माणूस.

या सिनेमाचे लेखक टी. ई. बी. क्लार्क. युद्धाच्या काळात ते लंडनच्या पोलिसात राखीव हवालदार होते. असं सांगतात की ते सरळ बँक ऑफ इंग्लंडमध्ये गेले आणि तुमचं सोनं चोरायचं तर कसं चोरावं, असं त्यांनी विचारलं. बँकेनं त्यांना हाकलून दिलं नाही. उलट जाणकार मंडळी बसवून रीतसर योजना आखून दिली! क्लार्क यांना या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. बँकेच्या त्या मंडळींना काय मिळालं, देव जाणे.

सोमवारी मी काकांना म्हटलं, "मस्त होता." काका खूश. मग दर शुक्रवारी एक डीव्हीडी आणि दर सोमवारी साडेबारा ते एक ईलिंगची गोष्ट, असा आमचा कार्यक्रमच ठरला. डब्यातलं एक सँडविच माझं, माझ्या डब्यातला एक पराठा त्यांचा.

गोष्ट सुरू होते १९०२ मध्ये. विल बार्कर नावाच्या गृहस्थानं ईलिंग ग्रीनवरचं 'व्हाइट लॉज' हे घर विकत घेतलं आणि तिथं मूकपट काढायला लागला. पुढं बोलपट आले. बेझिल डीन या नाटकवाल्या निर्मात्यानं १९३१ मध्ये तिथं आवाजाची सोय असलेला नवा स्टुडिओ उभा केला. ग्रेसी फील्ड्स, जॉर्ज फॉर्म्बी हे तेव्हाचे लाडके विनोदी गायक-नट तिथं नावारूपाला आले. पण आज ज्याला जग 'ईलिंगचा सिनेमा' म्हणतं तो सुरू झाला १९३८ साली. त्या वर्षी तिथं मायकेल बॉल्कन आले.

बॉल्कन म्हणजे आपल्या भाषेत जबरदस्त बॉस. बर्मिंगहॅमचा माणूस. हिचकॉकला दिग्दर्शक म्हणून पहिली संधी देणारा निर्माता हाच. (आणि हो, डॅनियल डे-लुइस हा त्यांचा नातू.) ईलिंगला यायच्या आधी ते हॉलिवुडच्या एमजीएमच्या ब्रिटिश शाखेत होते. तिथं त्यांचं अजिबात जमलं नाही. मग ते या लहानशा स्टुडिओत आले आणि ठरवलं की हॉलिवुडची नक्कल करायची नाही. आपल्या गल्लीतल्या माणसांच्या गोष्टी सांगायच्या.

स्टुडिओच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात पाटी रंगवलेली होती. हा टीम स्पिरिटचा स्टुडिओ आहे, अशा अर्थाची. आता आपल्या ऑफिसातही अशी पोस्टर्स असतात. होडी वल्हवणारी आठ माणसं आणि खाली 'टीमवर्क'. आपण त्याच्याकडं बघून जांभई देतो. पण ईलिंगला ते खरंच होतं. मंडळी वर्षानुवर्षं कराराने पगारावर. त्याच त्या दहा-पंधरा माणसांतला आजचा संकलक उद्याचा दिग्दर्शक. ठरावीक दिवशी सगळे एका गोल टेबलाभोवती बसायचे आणि दुसऱ्याची पटकथा सोलून काढायचे. बॉल्कन ऐकून घ्यायचे. संध्याकाळी हीच टोळी समोरच्या 'रेड लायन' पबमध्ये. स्टुडिओत शूटिंगचे फ्लोअर पाच होते, म्हणून पबला सगळे 'स्टेज सिक्स' म्हणायचे. पगार मात्र बेताचे. आणि साहेबांच्या आवडीनिवडी कडक. चावटपणा नको, फार कडवटपणाही नको. त्यांच्याच प्रसिद्धीप्रमुखानं या जागेला चेष्टेनं सभ्य तरुण मुलांची शाळा म्हटलं होतं. त्या शाळेत मुली जवळजवळ नव्हत्याच, हेही सांगायला हवं.

युद्ध सुरू झालं तसे ईलिंगचे सिनेमे बदलले. 'वेंट द डे वेल?' (१९४२) मध्ये ब्रिटिश सैनिकांचे कपडे घालून जर्मन सैनिक एका झोपाळू खेड्यात उतरतात, आणि पोस्ट ऑफिस चालवणाऱ्या साध्या बाईंना हातात कुऱ्हाड घ्यावी लागते. 'डेड ऑफ नाइट' (१९४५) ही भुताखेतांची गोष्टमाळ. त्यातला बोलका बाहुला बघितल्यावर मी आठवडाभर लाइट लावून झोपले.

पण खरी धमाल युद्धानंतर. आपण समजतो की १९४५ मध्ये इंग्लंड जिंकलं आणि सगळे नाचले. नाचले, पण नंतर रांगेत जाऊन उभे राहिले. रेशनिंग १९५४ पर्यंत चाललं! लंडनभर बॉम्बचे खड्डे, प्रत्येक गोष्टीला परवाना, प्रत्येक खिडकीमागं एक 'नियमात बसत नाही' म्हणणारा माणूस. या वैतागातून ईलिंगचे विनोदी सिनेमे जन्मले. पहिला 'ह्यू अँड क्राय' (१९४७). लंडनच्या पडक्या इमारतींमध्ये हुंदडणारी पोरं आणि त्यांनी पकडलेले चोर. मग १९४९ च्या एप्रिल ते जून या अवघ्या तीन महिन्यांत या लहानशा स्टुडिओनं एकापाठोपाठ एक तीन सिनेमे पडद्यावर आणले. तिन्ही आजही बघितले जातात.

त्यातला पहिला 'पासपोर्ट टू पिम्लिको'. लंडनच्या एका गल्लीत न फुटलेला बॉम्ब फुटतो आणि खालून निघतो खजिना, सोबत एक जुनी सनद. सनदेप्रमाणे ही गल्ली इंग्लंडची नाहीच, ती बर्गंडीच्या ड्यूकची! म्हणजे गल्लीतले किराणावाले, पबवाले, फिशवाले रातोरात परदेशी. मग पहिलं काम काय? पबमध्ये सगळे आपापली रेशनकार्डं टराटरा फाडतात. सरकार चिडून काटेरी तारा लावतं. मग गल्लीवाले जमिनीखालून जाणारी ट्रेन थांबवून प्रवाशांची कस्टम तपासणी करतात. तरी शेवटी काय? वाटाघाटी होतात, गल्ली परत इंग्लंडमध्ये येते, नवी रेशनकार्डं वाटतात, आणि धो धो पाऊस. सगळं होतं तसं!

दुसरा 'व्हिस्की गलोर!'. स्कॉटलंडच्या एका बेटाजवळ व्हिस्कीनं भरलेलं जहाज फुटतं आणि कोरडं पडलेलं गाव कामाला लागतं. हा प्रकार खरंच घडला होता, १९४१ मध्ये, 'एसएस पॉलिटिशियन' नावाच्या जहाजाबाबत. जहाजाचं नाव 'राजकारणी' आणि आत नुसती दारू. विनोद करायची गरजच नाही. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक. त्यांचा हा पहिलाच सिनेमा. नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

आणि तिसरा 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स', दिग्दर्शक रॉबर्ट हॅमर. एक देखणा, गरीब तरुण ड्यूक होण्यासाठी वाटेतल्या नातेवाइकांना एकेक करून संपवतो. अत्यंत सभ्यपणे. त्या खानदानातल्या आठ भूमिका एकट्या गिनेसनं केल्यात, त्यात एक बाईसुद्धा. ईलिंगच्या इतर सिनेमांत माणसं नियम मोडतात आणि शेवटी हसून परत रांगेत उभी राहतात. इथं नायक पार खुनी, तरी आपण शेवटपर्यंत त्याच्याच बाजूला. बॉल्कनसाहेबांच्या शाळेतला हा सगळ्यात द्वाड मुलगा.

मी काकांना म्हटलं, "पण बाकीच्यांत शेवटी सगळे गप परत का जातात? गल्ली परत इंग्लंडमध्ये. तो हॉलंड वर्षभर ब्राझीलमध्ये मजा मारतो, आपल्याला वाटतं सुटला, आणि शेवटच्या शॉटमध्ये हातात बेडी!"

काका पराठ्याचा तुकडा मोडत म्हणाले, "दुपारी एक वाजता आपणही परत डेस्कवर जातोच की."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी दिली 'द मॅन इन द व्हाइट सूट'. १९५१. दिग्दर्शक मॅकेंड्रिक.

आता जरा नीट वाचा.

इंग्लंडच्या उत्तरेकडचं कापड गिरण्यांचं गाव. सिडनी स्ट्रॅटन नावाचा एक हुशार, लाघवी, हट्टी तरुण. परत गिनेस. मिळेल ती हमाली करत तो गिरणीच्या प्रयोगशाळेत घुसतो. कोपऱ्यात त्याची काचेची नळकांडी, आणि त्यांचा तो आवाज... गुब-गुब-फुस, गुब-गुब-फुस. त्याला एक धागा बनवायचाय. कधी न झिजणारा आणि कधी न मळणारा. अनेक स्फोटांनंतर तो बनतो! रंग धरत नाही म्हणून पांढराशुभ्र, अंधारात चमकणारा. सिडनी त्याचा सूट शिवून घालतो. परीकथेतला राजपुत्रच. त्याला वाटतं, जगावर केवढे उपकार केले आपण.

मग कुणाच्या तरी लक्षात येतं. कपडा झिजलाच नाही तर नवा कोण घेणार? गिरणीमालक हादरतात. आणि कामगारांच्याही लक्षात येतं. कपडा लागलाच नाही तर गिरणी कशाला? मालक आणि युनियन, जन्माचे वैरी, पहिल्यांदाच एका बाजूला आणि समोर एकटा सिडनी. रात्री अख्खं गाव त्याच्या मागं लागतं. अंधारात तो लपणार कुठं? सूट चमकतोय ना!

पळता पळता त्याला त्याची घरमालकीण भेटते. म्हातारी, गरीब बाई. दुसऱ्यांचे कपडे धुऊन पोट भरणारी. सिडनी तिच्याकडं अंगावर काहीतरी झाकायला मागतो. ती त्याच्याकडं बघते आणि साधा प्रश्न विचारते. तुम्ही शास्त्रज्ञ लोक आहे ते आहे तसं का राहू देत नाही? धुणंच उरलं नाही तर माझ्या धुण्याचं काय?

ती ओरडत नाही. रडत नाही. आणि सिडनीचा चेहरा... तोवर त्याला आयुष्यात हा विचारच सुचलेला नसतो. वाईट माणूस नाही हो तो. नुसता हुशार आहे.

मी पॉज केलं.

फ्लॅटमध्ये मैत्रिणी सोमवारच्या डब्याची भाजी निवडत होत्या. "काय झालं गं?" "काही नाही." काय सांगणार? मला एकदम एक्सेल शीटचा शेवटचा कॉलम दिसला होता. काकांच्या नावासमोरची तारीख. पांढरा सूट घालून चमकत फिरणारी मी!

आणि त्यात आमच्या घरची गोष्ट वेगळीच. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत विणकर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. ते परत कधीच गिरणीत गेले नाहीत. पुढं वडिलांनी दोन नोकऱ्या करून आम्हाला शिकवलं. 'कॉम्प्युटर शीक, त्याला मरण नाही,' हे आजोबांचंच वाक्य. आणि त्यांची नात विमानानं सात हजार किलोमीटर जाऊन काय करत होती? कुणाच्या तरी खात्याचं शटर खाली ओढत होती. तेही अगदी नम्रपणे, प्रत्येक ईमेलला 'थँक्स अँड रिगार्ड्स' लावून.

सिनेमाचा शेवट सांगायलाच हवा. गर्दी सिडनीला गाठते, कुणीतरी सूट ओढतं आणि त्याचा तुकडाच हातात येतो. तो धागा मुळात टिकाऊ नसतोच, कापसासारखा सुटत जातो. सगळे खदाखदा हसतात, त्याच्या अंगावरून तुकडे ओरबाडतात आणि घरी जातात. भररस्त्यात सिडनी उरतो शर्ट आणि चड्डीवर. दुसऱ्या दिवशी तो नोकरी गमावून गावातून निघतो. चालता चालता वही उघडतो, काहीतरी चमकून कळतं त्याला... आणि पुन्हा तोच आवाज सुरू होतो. गुब-गुब-फुस.

इतर ईलिंगपटांत शेवटी सगळं पूर्ववत होतं. इथंही होतं. पण मॅकेंड्रिक आपल्याला घरी सोडतात ते मनात कुसळ ठेवूनच.

सोमवारी मी काकांशी नीट बोलू शकले नाही. ते नेहमीसारखेच. "मंथ एंडला ही फाइल दोनदा चालवायची. का? तर १९९१ मध्ये..." मी लिहून घेत होते. साडेबाराला डबे उघडले. मीच कसंबसं विचारलं, "तुम्ही मला नेमका तोच सिनेमा का दिलात?"

त्यांनी सँडविच माझ्याकडं सरकवलं. "कारण तो चांगला आहे."

बस्स. इंग्रज माणूस!

मग मात्र त्यांनी ईलिंगची उरलेली गोष्ट सांगितली. सिनेमे गाजले, पण पैसा फार येत नव्हता. डोक्यावर कर्ज होतं. पन्नासचं दशक सरकायला लागलं तसं देश बदलला. रांगा संपल्या, घरोघरी टीव्ही आले, तरुणांना वेगळं काही हवं होतं. गोल टेबलाभोवती मात्र तीच माणसं. जो टीम स्पिरिट ईलिंगची ताकद होता, तोच आता दार लावून बसला होता. १९५५ मध्ये स्टुडिओ बीबीसीला विकला. जाताना बॉल्कननं तिथं एक पाटी लावली. इथं पंचवीस वर्षं ब्रिटन आणि ब्रिटिश स्वभाव दाखवणारे सिनेमे बनले, एवढाच तिचा मतलब. ना तक्रार, ना रडगाणं.

त्याच वर्षी आला ईलिंगचा शेवटचा गाजलेला विनोदी सिनेमा, 'द लेडीकिलर्स'. परत मॅकेंड्रिक. लेखक विल्यम रोझ यांना म्हणे ही गोष्ट झोपेत, स्वप्नातच पडली. रेल्वेच्या बोगद्यावरच्या एका कलत्या घरात एकटी म्हातारी राहते. पाच दरोडेखोर वादक असल्याचं सोंग करून तिच्याकडं खोली घेतात. वर ग्रामोफोनवर संगीत, खाली म्हातारीचा चहा. म्हातारीला मारायचं ठरतं, पण एकालाही जमत नाही. सगळे एकमेकांना मारून संपतात. पोलीस चौकीत तिचं कुणी खरंच मानत नाही, आणि चोरीचा सगळा पैसा शेवटी तिच्याच घरी राहतो. ती भूमिका करणाऱ्या केटी जॉन्सन तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या होत्या. त्यांना बाफ्टा मिळालं. बॉल्कननी पुढं ईलिंगच्या नावानं दुसऱ्या स्टुडिओत काही सिनेमे काढले, आणि १९५९ मध्ये तेही नाव थांबलं.

माणसं पांगली. मॅकेंड्रिक अमेरिकेला गेले, 'स्वीट स्मेल ऑफ सक्सेस' (१९५७) केला आणि नंतर कॅलिफोर्नियात सिनेमाचे नावाजलेले मास्तर झाले. 'लॅव्हेंडर हिल'चे दिग्दर्शक चार्ल्स क्रायटन यांनी तर १९८८ मध्ये, वयाच्या सत्तरीच्या शेवटाला, 'अ फिश कॉल्ड वाँडा' काढून सगळ्यांना गार केलं. रिटायर झालेला माणूस संपतो असं समजणाऱ्यांनी तो जरूर बघावा. स्टुडिओही संपला नाही. बीबीसीनंतर १९९५ मध्ये तो ब्रिटनच्या राष्ट्रीय फिल्म स्कूलनं घेतला, २००० साली नवे मालक आले. 'डाउनटन ॲबी' बघितलंय ना? त्यातलं तळघरातलं स्वयंपाकघर, जिथं नोकर मंडळी जेवतात, तो सेट ईलिंगलाच होता.

आठव्या आठवड्यातल्या शुक्रवारी काकांचा निरोप समारंभ झाला. मॅनेजरनं तीन मिनिटांचं भाषण केलं, त्यात दोनदा 'टीम स्पिरिट' आलं. संध्याकाळी काका आम्हा तिघींना 'रेड लायन'मध्ये घेऊन गेले. स्टेज सिक्स! भिंतींवर जुन्या सिनेमांचे फोटो. मी चार वेळा 'सॉरी' म्हणायचं ठरवलं आणि चारही वेळा संत्र्याचा ज्यूस प्यायले. शेवटी निघताना बोललेच.

काका कोट घालत होते. म्हणाले, "तू प्रश्न चांगले विचारतेस. तेवीस वर्षांत मला कुणी 'हे असं का' विचारलं नव्हतं." मग टेबलावर बोटांनी हळूच ठेका धरला. गुब-गुब-फुस. आणि स्वेटरची कॉलर सारखी करत बाहेर पडले.

आज हे सगळं का आठवलं? तर यंदा आमच्या ऑफिसात एक मीटिंग झाली. आपापली कामं टप्प्याटप्प्यानं लिहून काढा, ती आता एक नवं एआय टूल शिकणार आहे. टूल बसवायला माझ्या शेजारी एक चोवीस वर्षांचा मुलगा आलाय. हुशार, लाघवी, मला 'मॅम' म्हणतो. रोज दुपारी माझं काम शिकून घेतो. शीटमध्ये अजून शेवटचा कॉलम दिसत नाही. पण मला तो कॉलम कुठं येतो ते माहितेय.

राग यायला हवा ना? आला. दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी त्या मुलानं विचारलं, "मॅम, ही फाइल आपण दोनदा का चालवतो?" आणि मी खुर्ची त्याच्याकडं वळवून सांगायला लागले, "त्याचं असं आहे, १९९१ मध्ये..."

काकांनी निरोपाला 'व्हाइट सूट'ची डीव्हीडी मलाच दिली होती. परवा शुक्रवारी ती मी त्या मुलाच्या कीबोर्डवर ठेवली. त्यानं ती उलटसुलट करून बघितली आणि अगदी आदरानं म्हणाला, "मॅम, हे लावायचं कशात?"